मधला पट्टा

त्या दिवशी मी फक्त कैरीच्या फोडी वाळत घालायला बाहेर आलेले. मीठ चोळून ठेवलेल्या, परात डोक्यावर, सकाळचे अकरा वाजले असतील. चैत्राचं ऊन. एवढंच काम होतं माझं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे मी माझ्या मुलालाही अजून पुरतं सांगितलेलं नाही. मध्ये बोलू नका. मला लिहिता-वाचता येत नाही, सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि मध्ये कोणी बोललं तरी मी विसरत नाही, पण रागावते.

शीळफाट्याच्या रस्त्याला आमचं आवार आहे, घर मागं गावात. पूर्वी भाताची खाचरं होती, आता गोपीनाथनं, म्हणजे माझ्या मुलानं, पत्र्याचे गाळे काढून भाड्यानं दिलेत. शेवटचा गाळा रतनचा. कळव्याचा माणूस, चाळिशी उलटलेला. लोकांच्या गाड्या चकाचक करून देतो. नुसतं धुणं नाही. रंगावरचे ओरखडे मशीननं घासून काढतो, वर काचेसारखा लेप देतो, आतल्या सीटा सोडवून एकेक दोरा साफ करतो. नवीन कव्हरं, दिवे, कॅमेरे बसवतो. माणसं सांगेल तेवढे पैसे देतात. मी त्याला म्हणायचे, "रतन, एवढं तर नवरीला पण नाय रे घासत हळदीला." तो हसायचा. "आजी, नवरी परत आणून सोडत नाय कोणी. गाडी आणतात."

त्या सकाळी तो डोंबिवलीकडून एक पांढरी गाडी घेऊन आला. फोनवर काम मिळालेलं. मालकाला लग्नासाठी गाडी नव्यासारखी हवी होती. काय लागेल ते लावा, म्हणालेला. रतन पाण्याची बंदूक घेऊन पुढच्या बंपरच्या खालच्या बाजूला वाकला, आणि तिथून काळ्या दोऱ्यात बांधलेली एक कवडी लोंबकळली.

दोऱ्याला सात गाठी होत्या. माझ्या गाठी मी ओळखते. डावीकडून ओढून, शेवटची उलटी.

ती कवडी मी निशाच्या गाडीला बांधलेली.

निशा माझी नात, गोपीनाथची मुलगी. तिचं लग्न दिपेशशी लावलं तेव्हा धवले मीच गायले. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मंत्र नंतर, आधी धवलारीण. ती गाणं म्हणून देवांना बोलावते, नदीला बोलावते, वेशीवरच्या देवाला बोलावते, आणि मग त्या घरातली गेलेली माणसं एकेक नाव घेऊन बोलावते. बोलावलं की त्यांना जागा द्यायची. पाट मांडायचा, तांदूळ, नारळ. बोलावून जागा दिली नाही तर ते उभे राहतात. आणि ज्याला बोलावलंच नाही, तो कुठं उभा राहील ते कोणी सांगू शकत नाही. चाळीस वर्षं मी हे गायलं. एकही नाव कधी चुकवलं नाही.

निशाच्या सातव्या महिन्यात दिपेशनं ही गाडी घेतली. आतल्या सीटा सायीच्या रंगाच्या. मी बॉनेटवर हळदीकुंकू लावलं, तर तिथल्या तिथं फडकं काढून त्यानं पुसलं. "आजी, डाग राहतो." कवडी समोर नको म्हणाला, म्हणून मी खाली वाकून बंपरच्या मागं बांधली. निशा हसत होती. हातात हिरव्या बांगड्या, ओटीभरणाच्या.

आठव्या महिन्यात, भर दुपारी, घरातच तिला रक्तस्राव सुरू झाला. दिपेश तिला गाडीतून कल्याणला घेऊन निघाला. फाट्यावर ट्रॅफिक लागलं. पोचले तेव्हा दोघंही गेलेली, ती आणि पोटातलं. दिपेश सगळ्यांना तेच सांगत होता... ट्रॅफिक, ट्रॅफिक. ट्रॅफिकला कोण जाब विचारणार.

शेवटची आंघोळ मी घातली तिला. तिच्या डाव्या गालावर, खांद्यावर, मांडीवर खुणा होत्या. शंकरपाळ्यांच्या आकाराच्या, एकाला एक लागून, जशा काही छापल्यात. बायका म्हणाल्या, दवाखान्यातल्या खाटेच्या रबराच्या असतील. पण मी बघितलं, आणि जे मी बघते ते राहतं.

तर, निशाला जाऊन चौदा महिने झालेले, आणि तिची गाडी माझ्या आवारात. हा गाळा आमच्या आवारात आहे हे दिपेशला ठाऊक नव्हतं. रतनचा गाळा दिवाळीला सुरू झालेला, आणि दिपेश बाराव्यानंतर आमच्या उंबऱ्याला आलेलाच नव्हता.

मी परात खाली ठेवली. रतननं आतल्या पायाखालच्या चटया काढल्या, धुतल्या, आणि माझ्या फोडींच्या शेजारच्या तारेवर टाकल्या. जाड, काळ्या, वरून शिवण मारलेल्या.

शंकरपाळ्या.

मी मागच्या सीटच्या पायाशी असते ती चटई घेतली. गुडघ्यावर ठेवून तिच्यावर तळहात दाबला. शंभर अंक मोजले. उचलला. तळव्यावर निशाचा गाल उमटलेला.

"रतन," मी म्हटलं, "मागची सीट सोडव."

"आजी, ती उद्या करणार."

"आत्ता सोडव बाबा."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाना आणला. सीट बाहेर आली. उन्हात त्यानं ती उलटीपालटी केली. एक डाग नाही. सायीसारखी स्वच्छ. मग त्यानं खालचं कार्पेट उचललं, त्याच्या खाली जाड काळा नमदा असतो, तो उचलला. आणि हात मागं घेतला.

"ओलं आहे," तो म्हणाला.

पाणी मुरलं असेल असं आधी वाटलं त्याला. त्यानं बोटं बघितली. तपकिरी. त्यानं नमद्याचं एक टोक पिळलं, अजून तपकिरी. चौदा महिने झालेले, चैत्राचं ऊन, आणि ते कोमट होतं. वास आला... खोबरेल तेलाचा, डिंकाच्या लाडवाचा, आणि त्याच्या खालून तो दुसरा.

"सीटला थेंब नाय आजी," रतन हळूच म्हणाला. "सगळं खाली आहे. कुणाला खाली बसवलेलं का काय?"

सीटच्या लोखंडी पट्टीत हिरव्या काचेचा तुकडा अडकलेला. मी तो काढून पदराला बांधला.

मी रडले नाही. रडायचं ते चौदा महिन्यांपूर्वी संपलेलं. गोपीनाथला सांगितलं असतं तर तो कोयता घेऊन डोंबिवलीला गेला असता, आणि जेलात माझा मुलगा बसला असता. पोलिसांना काय सांगणार? म्हातारी म्हणते गालावर शंकरपाळ्या होत्या? रतनला मात्र सगळं सांगितलं. त्याला दोन मुली आहेत. त्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी हे काम सोडतो. गाडी परत पाठवतो."

"नाही," मी म्हटलं. "तू नीट कर. अशी कर की त्याचा डोळा हटला नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दिपेश स्वतः आला, कव्हरं आणि दिवे निवडायला. मी फोडी उलटत बसलेले. फाटकातून आत येऊन तो चार पावलं चालला आणि मला बघून थांबला.

"आजी... तुम्ही इथं?"

"माझंच आवार आहे. ये. लग्न करतोयस म्हणे."

"हो. आईच्या मागं लागण्यामुळं. कळव्याची आहे, विनिता."

"चांगलं आहे. मुलगी कशी आहे?"

"साधी आहे." तो गाडीकडे बघत होता. दार उघडून आतल्या सीटवरून त्यानं हात फिरवला, माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा. रतननं त्याला नमुने दाखवले. दिपेशनं लाल शिवणीची कव्हरं घेतली, पायाशी निळा उजेड पडणारे दिवे, मोठी स्क्रीन. घासाघीस केली नाही. चटया त्याच ठेवा म्हणाला, चांगल्या आहेत.

"दिपेश," मी म्हटलं, "निशा कुठं बसलेली रे त्या दिवशी?"

"मागं."

"मागं कुठं?"

त्यानं गाडीचं दार लावलं. रतननं मशीन बंद केलं. रस्त्यावरनं कंटेनर गेला, पत्रे हादरले.

"सीटवर बसलेली?"

"आजी, गाडी महिन्याची होती," तो म्हणाला. हळू, जसं काही मी समजून घेईन. "मी प्लास्टिक शोधत होतो घरात, सोफ्याचं जुनं. दहा-पंधरा मिनटं शोधलं, सापडलं नाय. मग तीच म्हणाली, मी खाली बसते."

"तीच म्हणाली."

"हो. तिला पण गाडीची काळजी होती."

माझ्या हातातली फोड मी परातीत ठेवली. पंधरा मिनटं. ट्रॅफिकच्या आधीची पंधरा मिनटं. तिची तेवढीच बाकी होती, आणि ती यानं सोफ्याच्या प्लास्टिकला दिली.

"मग आता तिला बोलावलंस का लग्नाला?" मी विचारलं. "पहिलीला आधी बोलावायचं असतं. तुझ्या आईला रीत ठाऊक आहे."

"आई म्हणते नको. अपशकुन होतो. तिचं नाव घ्यायचं नाय असं धवलारणीला सांगितलंय."

"बरं," मी म्हटलं. "जा तू."

तो गेला. त्याला वाटलं म्हातारी शांत आहे.

मी काय केलं ते लपवत नाही. चार दिवसांनी टळटळीत दुपारी, सगळे गाळेवाले जेवायला गेलेले असताना, मी अंघोळ केली, नऊवारी नेसले आणि रतनच्या गाळ्यात गेले. सीटा पुन्हा बसवलेल्या, नवी लाल कव्हरं चढवलेली. खालचा नमदा रतननं तीन दिवस गरम हवेच्या नळीनं वाळवलेला, तरी कोमट ओला तो ओलाच. तसाच आत गेला. मी मागचं डावं दार उघडलं. सीटवर तांदूळ मांडले, वर नारळ, हिरवा खण आणि तो काचेचा तुकडा. पाटाच्या जागी सीट. मग दारात जमिनीवर बसून धवला लावला.

देव आधी बोलावले. खाडी बोलावली, वेशीवरचा देव बोलावला. मग म्हटलं,

"ये गो निशा बाय, तुला मांडवाचं बोलावणं,
उभी नको राहूस, खाली नको बसूस,
तुझ्या जागेवर बस गो, तुझी जागा मांडली."

आणि शेवटी, चाल मोडून, साध्या बोलण्यात सांगितलं, "नवरीला हात लावू नकोस. ती तुझी धाकटी बहीण. बाकी तुझं तू बघ."

काही झालं नाही. वारा नाही, काही नाही. चाळीस वर्षांत कधी काही होत नाही, म्हणून तर लोक घाबरत नाहीत. मी तांदूळ, नारळ आवरून पदरात घेतले आणि दार लावलं.

चार वाजता रतननं गाडी बाहेर काढायला चावी फिरवली. आणि आतून टिंग... टिंग... टिंग... असं वाजायला लागलं.

"काय रे ते?"

"मागं कोणी बसलंय आणि पट्टा लावला नाय, असं दाखवतंय," तो म्हणाला. "सीटखाली वजन कळणारी पट्टी असते. तुमच्या नारळामुळं काहीतरी झालं."

त्यानं उतरून सीट झटकली. टिंग टिंग. सीटखाली हात घालून वायर काढली, तोंडासमोर धरली. वायर त्याच्या हातात, आणि आत टिंग टिंग. स्क्रीनवर माणसाचं लाल चित्र, डावीकडचं. रतन तिथंच मागच्या दाराशी उकिडवा बसून राहिला.

"आजी... कव्हर बघा."

नव्या लाल कव्हरवर मधोमध खळगा होता. माणूस बसला की पडतो तसा. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो जरासा मागं सरकला, टेकून बसावं तसा.

"पट्टा लाव," मी म्हटलं.

"कुणाला?"

"लाव रे बाबा. बाईला किती वेळ ताटकळत ठेवशील."

त्यानं पट्टा ओढला, मोकळ्या जागेवरून घेऊन अडकवला. टक्. आवाज थांबला. पट्टा सपाट पडला नाही. पुढं फुगून राहिला. आठव्या महिन्यात राहतो तसा.

हळदीच्या दिवशी दिपेश गाडी न्यायला आला. भोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड बघितलं, खूश झाला. रतननं त्याला एवढंच सांगितलं, "मागचा डावा पट्टा काढू नका. सेन्सर बिघडलाय." मागच्या काचेवर रतनच्या दुकानाचा स्टिकर होता, त्यावर नंबर. गाडी फाटकातून बाहेर पडताना मला मागची काच दिसली. आतून कोणीतरी श्वास सोडल्यासारखी एका जागी धुरकटली होती.

लग्नानंतर सहाव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, ती गाडी हॉर्न वाजवत आवारात घुसली. चालवत होती एक मुलगी. कोपरापर्यंत हिरवा चुडा, हळद अजून नखांत. विनिता. गाडी वाकडीतिकडी उभी करून ती उतरली आणि रतनला म्हणाली, "काचेवर तुमचा नंबर होता. फोन केला, पत्ता मिळाला. फाट्यापासून हेच जवळ होतं. दार उघडत नाही हो... मागचं दार उघडत नाही."

मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग तिनं सांगितलं. दोघं कार्ल्याला आईच्या दर्शनाला निघालेली. फाट्यावर गाड्या तुंबल्या आणि टिंग टिंग सुरू झालं. दिपेश म्हणाला, पट्टा तर लावलेला होता. मागं वळून बघतो तर सुटलेला. वैतागून तो उतरला, मागचं दार उघडून आत वाकला.

"वाकले ते वर आलेच नाहीत," विनिता म्हणाली. "दार आतून ओढल्यासारखं बंद झालं. मग दोनदा टक् वाजलं. मी मागं बघितलं, तर हे खाली... सीटवर नाही, खाली. मी म्हटलं, अहो वर बसा. तर ऐकत नाहीत."

"तुला काही झालं?"

"नाही. उलट..." ती थांबली. "माझ्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. थोपटला. म्हणून तर मला गाडी चालवता आली."

रतननं दाराला हात लावला. लगेच उघडलं.

पुढच्या-मागच्या सीटांच्या मधल्या फटीत दिपेश गुडघे पोटाशी घेऊन आडवा पडलेला. गाल चटईवर. सीट रिकामी, लाल कव्हरं लखलखीत, पायाशी तो निळा उजेड, त्यानं स्वतः निवडलेला. त्याचे कपडे खालून भिजत चालले होते. तपकिरी.

"ऊठ रे," मी म्हटलं. "वर बस."

त्यानं डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. गाल उचलला तेव्हा त्यावर शंकरपाळ्या उमटलेल्या.

"जागा नाही आजी," तो कुजबुजला. "दोघं बसलीत... डाग पडेल..."

मला वाईट वाटलं का, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही वाटलं. मी निशाला गाडीत बसवलं, एवढंच. तिच्या नवऱ्यानं बसवायला हवं होतं ते मी बसवलं.

गाळ्यांतल्या चौघांनी मिळून त्याला बाहेर काढला. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. जखम नाही, आजार नाही. पण आजही तो खुर्चीवर बसत नाही, पलंगावर झोपत नाही. बसवला तर किंचाळून खाली येतो. त्याची आई ताट जमिनीवर ठेवते आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात अंग आखडून, गाल फरशीला लावून पडून राहतो. विनिता कळव्याला माहेरी परत गेली. सणाला मला भेटायला येते, मला आजी म्हणते.

गाडी मात्र कोणी न्यायला आलं नाही. ती बघा, त्या पत्र्याखाली. धूळ बसते, रतन आठवड्याला पुसतो. त्या दिवशी दोनदा टक् वाजलं होतं ना, ते दोन्ही पट्टे अजून लागलेलेच आहेत. रतननं पकड लावून बघितली, सुटत नाहीत. डावा पट्टा बाईमाणसाच्या मापाचा, पण आता सपाट झालाय. पुढं फुगत नाही.

मधला पट्टा वेगळा आहे. तो अगदी आखडून, छोटा वेढा करून लागलेला. गेल्या पावसाळ्यात त्या वेढ्यात माझी बोटं जेमतेम जायची. दिवाळीला मूठ गेली.

काल कैरीच्या फोडी घालायला आले तेव्हा सहज दार उघडून बघितलं. कोपरापर्यंत हात जातो. आणि समोरच्या सीटच्या पाठीवर, लाल शिवणीच्या बरोबर खाली, दोन छोट्या पावलांचे धुळीचे ठसे होते.